चेन्नईचे सांबार : डाळ, चिंच आणि मिरची

चेन्नईतील शाकाहारी कुटुंबात दुपारच्या जेवणात भात तीन वेळा वाढला जातो. पहिला भात सांबारासह, दुसरा रसमसह आणि तिसरा दह्यासह किंवा ताकासह खावयाचा असतो. या तिन्हींत पोटाला खरा आधार देतो तो पहिला भात. रसम पातळ व पाचक असते. दहीभात जेवण शांत करतो. भूक भागविण्याचे काम मात्र सांबाराकडे सोपविलेले असते. ज्या घरी त्या दिवशी भाजी एकच आहे, किंवा मुळीच नाही, तेथेही सांबार दाट असेल तर जेवण अपुरे वाटत नाही.

महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांचा सांबाराशी परिचय उपाहारगृहात होतो. इडलीशेजारी ठेवलेल्या लहानशा वाटीतील पातळ, किंचित गोडसर रस म्हणजे सांबार, अशी त्यांची समजूत होणे स्वाभाविक आहे. चेन्नईच्या लोकांना हा प्रकारही अर्थातच प्रिय आहे. ट्रिप्लिकेन भागात १९४८ मध्ये सुरू झालेल्या रत्ना कॅफेची ख्याती इडली सांबारात बुडवून देण्याबद्दलच आहे. परंतु न्याहारीचे सांबार आणि भाताचे सांबार यांत तेथील गृहिणी काटेकोर भेद करते. न्याहारीच्या सांबारात पुष्कळदा मूगडाळ असते व ते सैल असते. भाताचे सांबार तुरीच्या डाळीचे, दाट आणि भाज्यांच्या मोठ्या फोडींनी भरलेले असते. येथे विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

शेंगवर्गीय धान्य, आंबट रस आणि मिरची या तिघांना एकत्र शिजवून मुख्य अन्न तयार करण्याची कल्पना केवळ दक्षिण भारताची नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मिरचीच्या नावानेच ओळखला जाणारा ‘चिली’ हा पदार्थ १९७७ मध्ये राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून जाहीर झाला. तो मूळचा मांसाचा. पण मांस वर्ज्य करणाऱ्यांनी त्यात राजमा व टोमॅटो घालून त्याचे शाकाहारी रूप सिद्ध केले आहे. राजमा पूर्ण मऊ झाल्याशिवाय त्यात टोमॅटो घालू नये, हे तेथील अनुभवी स्वयंपाकी जाणतात. डाळ शिजल्याशिवाय तिला चिंच दाखवू नये, हे चेन्नईतील आजी नातीला सांगते. दोन्ही सूचनांमागील कारण एकच आहे आणि ते पुढे येईल.

सांबाराच्या नावासंबंधी एक कथा महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. तंजावरच्या शहाजीराजांकडे छत्रपती संभाजी महाराज पाहुणे आले असता आमटीसाठी कोकम मिळेना. म्हणून आचाऱ्याने चिंच वापरली आणि पाहुण्यांच्या नावावरून त्या आमटीस सांबार म्हणू लागले, अशी ही कथा आहे. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. तंजावरचे शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि संभाजी महाराजांचा वध १६८९ मध्ये झाला. मधली पाच वर्षे मोगलांशी चाललेल्या अखंड युद्धाची आहेत. शिवाय चिंचेची आमटी महाराष्ट्रास अपरिचित नव्हती, आणि तमिळ प्रदेशास तर चिंच कोणी शिकविण्याची गरजच नव्हती. ‘संभार’ या संस्कृत शब्दाचा अर्थ गोळा केलेले साहित्य असा आहे. त्यावरून मसाल्याच्या साहित्यास आणि पुढे मसालेदार पदार्थास हे नाव मिळाले, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. विदर्भात कोथिंबिरीस आजही सांबार म्हणतात व नागपूरची सांबारवडी त्याच कोथिंबिरीची असते. एकाच शब्दाचे हे दोन टोकांना राहिलेले दोन अर्थ कथेपेक्षा अधिक काही सांगून जातात.

तरीही तंजावरच्या मराठी राज्याचा तमिळ स्वयंपाकघराशी संबंध नव्हता असे नव्हे. व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्थापिलेले हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. राणी दीपाबाईंच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा आहारविषयक संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाने ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तयार झाले. अधिक बोलका पुरावा मात्र पदार्थांच्या नावांत सापडतो. तमिळ भाषेत वांग्यास ‘कत्तिरिक्काय’ म्हणतात; पण तंजावर भागातील वांग्याच्या एका आंबट, डाळयुक्त पदार्थाचे नाव आहे ‘रसवांगी’. कारल्याचा किंवा वांग्याचा डाळ-नारळ घातलेला ‘पिटलै’ हा पदार्थ आपले नाव पिठल्यावरून घेऊन आला असे मानतात. त्यात बेसन नाही, चिंच आहे. नाव मराठी राहिले आणि पदार्थ पुरता तमिळ झाला. रसवांगी व पिटलै हे दोन्ही सांबाराचे सख्खे भाऊबंद असून चेन्नईच्या घरांत ते आजही नित्य होतात.

मिरची ही या तिघांतील सर्वांत अलीकडे आलेली. ती अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीज १४९८ मध्ये भारतात पोहोचल्यानंतर ती येथे आली आणि आज चेन्नई शहराचा भाग असलेल्या मैलापूरनजीकच्या सान तोमे येथेही सोळाव्या शतकात त्यांची वसाहत होती. त्यापूर्वी तिखटपणा मिरीचा होता. तमिळ लोकांनी मिरीला ‘मिळगु’ म्हणतात म्हणून या नव्या फळाला ‘मिळगाय’, म्हणजे मिरीचे फळ, असे नाव दिले. मराठीतही मिरीवरून मिरची झाली. पाहुणीला घरातल्या जुन्या माणसाचेच नाव दोन्ही भाषांनी दिले, ही मोठी गंमत आहे. मिरचीपूर्व स्वयंपाकाची आठवण एका ठिकाणी अद्याप टिकून आहे. तमिळ ब्राह्मण घरांत श्राद्धाच्या दिवशी मिरची वर्ज्य असते व सर्व पदार्थ मिरीने तिखट करतात.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे येतो आणि ते बियांत नसून बिया ज्या पांढरट गाभ्याला लागलेल्या असतात त्या गाभ्यात तयार होते. जिभेवरील ज्या ग्राहीला उष्णतेची जाणीव होते तिलाच हे द्रव्य चेतविते. म्हणून गार मिरचीनेही तोंड भाजते. ही ग्राही १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढली आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. सांबार-भातावर तूप का वाढावे आणि जेवणाचा शेवट दह्याने का व्हावा, याचे उत्तर या एका गुणधर्मात आहे. पाणी पिऊन तिखट ओसरत नाही; दह्यातील प्रथिने व स्निग्धांश ते वाहून नेतात.

मिरचीच्या जातीकडेही लक्ष द्यावे लागते. रामनाथपुरम जिल्ह्यातील ‘मुंडू’ नावाची गोल, जाड सालीची मिरची तमिळनाडूत प्रसिद्ध असून २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ती मध्यम तिखट असते व फोडणीत अख्खी घालतात. दळावयाच्या मसाल्यासाठी मात्र लांब मिरची घेतली जाते. महाराष्ट्रातील गृहिणीने या कामी बेडगी व एखादी तिखट जात निम्मी-निम्मी घेतल्यास रंग व तिखटपणा दोन्ही साधतात.

आता डाळीकडे वळू. सांबाराची सारी भिस्त तिच्यावर आहे आणि बहुतेक बिघाडही तिच्यापाशीच होतात. तुरीच्या डाळीतील पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींस चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात पेक्टिन हळूहळू विरघळते, पेशी सुट्या होतात, आणि डाळ शिजली असे आपण म्हणतो. या क्रियेत दोन गोष्टी अडथळा आणतात. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतील तर ते पेक्टिनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकतात. पाणी आंबट असेल तरीही पेक्टिन विरघळण्यास वेळ लागतो. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. त्यामुळे अर्धवट शिजलेल्या डाळीत चिंचेचा कोळ पडला की पुढे कितीही उकळले तरी डाळ एकजीव होत नाही. दाणा खाली बसतो आणि पाणी वर राहते. अशा सांबारात मसाला वाढवून काही उपयोग नसतो.

पहिला अडथळा चेन्नईत विशेष जाणवतो. शहर समुद्रकाठी वाळूवर वसलेले असून अनेक भागांतील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड, पाठ्यपुस्तकांच्या भाषेत दुष्फेन, आणि काही ठिकाणी मचूळ आहे. जेथे उपसा अधिक झाला तेथे समुद्राचे खारे पाणी आत शिरले आहे. म्हणून पुष्कळ घरांत धुण्याभांड्यांचे पाणी वेगळे आणि स्वयंपाकाचे वेगळे असते. स्वयंपाकाचे पाणी रेड हिल्स, पूंडी, चोळावरम, चेंबरंबाक्कम या जलाशयांतून येते. १९९६ पासून तेलुगू गंगा योजनेतून कृष्णेचे पाणीही मिळू लागले आणि २०१० पासून समुद्राचे पाणी गोडे करून पुरविण्यास प्रारंभ झाला. २००३ मध्ये राज्यातील इमारतींना पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था सक्तीची करण्यात आली. तथापि जून २०१९ मध्ये हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. टँकरच्या रांगेत उभे राहून आणलेल्या पाण्यात डाळ शिजवावी लागली आणि काही लहान खाणावळींनी दुपारचे जेवण देणेच थांबविले. डाळीला तिच्या कितीतरी पट पाणी लागते व तेही चांगले लागते, हे त्या उन्हाळ्यात शहराने अनुभविले.

जड पाण्यावर सोडा हा सोपा उपाय समजला जातो. चिमूटभर सोड्याने डाळ झटपट विरघळते हे खरे. पण ब-१ हे जीवनसत्त्व नष्ट होते व चव साबणासारखी होते. त्यापेक्षा डाळ अर्धा तास भिजविणे, उकळलेले किंवा गाळलेले पाणी घेणे आणि शिजताना चिमूटभर हळद व थोडेसे तिळाचे तेल घालणे, ही तेथील रीत चांगली. तेलाने डाळीवरचा फेस आवरतो. मीठही शेवटीच घालतात.

जे आम्ल डाळीचे शत्रू तेच भाजीचे मित्र ठरते. शेवगा, वांगी, मुळा, भोपळा यांच्या फोडी डाळीत न शिजविता वेगळ्या पातेल्यात चिंचेच्या पाण्यात शिजवितात. आम्लामुळे त्यांचे पेक्टिन लवकर विरघळत नाही. फोड मऊ होते, पण मोडत नाही. पानात शेवग्याची शेंग अखंड यावी आणि वांग्याचा लगदा होऊ नये, हे या वेगळ्या पातेल्याचे प्रयोजन. एकीकडे डाळ आपला आकार टाकून देते व दुसरीकडे भाजी आपला आकार राखते. मग दोन्ही एकत्र येतात. सांबाराची सारी युक्ती एवढीच आहे, आणि दुर्दैवाने घाईत प्रथम तिचाच विसर पडतो.

चिंचेचे पाणी भाज्यांसह किती उकळावे याचे माप घड्याळावर नसून नाकावर असते. कच्च्या चिंचेचा व कच्च्या मसाल्याचा एक उग्र दर्प येतो. त्यास तमिळमध्ये ‘पच्चै वासनै’ म्हणतात. तो जाईपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटे, उकळी द्यावी लागते. दर्प जातो, पण आंबटपणा जात नाही, कारण टार्टारिक आम्ल वाफेबरोबर उडून जाणारे नाही. यास्तव चिंच प्रथमच मोजून घ्यावी. नवी चिंच फिकी व तीव्र असते. वर्षभर मीठ लावून ठेवलेली जुनी चिंच काळसर व सौम्य असते, आणि तिच्यामुळे सांबाराचा रंगही गडद होतो.

मसाल्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साठवणीच्या पुडीचा. दोनशे ग्रॅम धणे, शंभर ग्रॅम सुक्या मिरच्या, पन्नास-पन्नास ग्रॅम चणाडाळ व तूरडाळ, पंधरा ग्रॅम मिरी, दहा ग्रॅम मेथी आणि हळकुंडाचा एक तुकडा हे प्रमाण मध्यम तिखट खाणाऱ्या घरास पुरेसे आहे. हे साहित्य उन्हात वाळवून किंवा मंद आचेवर वेगवेगळे भाजून गल्लीतील गिरणीत दळून आणतात. महाराष्ट्रात डंकावरून मसाला कांडून आणतात तसेच हे आहे. दुसरा मार्ग ‘अरैच्चुविट्ट’ सांबाराचा, म्हणजे वाटून घातलेल्या सांबाराचा. यात धणे, चणाडाळ, मिरच्या व मेथी थोड्या तेलात तांबूस परतून ओल्या खोबऱ्यासह वाटतात आणि ते वाटण डाळीबरोबर घालतात. सणावारी व पाहुण्यांसाठी हाच प्रकार करतात. दोहोंच्या वासात जमीन-अस्मानाचे अंतर असते. ज्याला वेळ आहे त्याने दुसराच मार्ग धरावा.

मेथीच्या बाबतीत हात आवरावा लागतो. सांबाराचा ओळखीचा सुगंध बहुतांशी तिच्यातील सोटोलोन या द्रव्याचा असला, तरी ती जास्त भाजली गेली की सारे सांबार कडू होते. हिंगाचेही असेच. तमिळमध्ये त्याला ‘पेरुंगायम’ म्हणतात. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत गंधकयुक्त वासाची उणीव हिंगच भरून काढतो. हा हिंग शतकानुशतके अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातून येत राहिला. भारतात त्याच्या लागवडीचा शास्त्रीय प्रयत्न ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू झाला. चेन्नईच्या चुलीवरील रोजच्या पदार्थाचा एक धागा असा दूरच्या डोंगराळ प्रदेशांशी जोडलेला आहे. तूरडाळीचाही प्रवास लहान नाही. तमिळनाडूत ती फार पिकत नाही. देशात तुरीची मोठी पिके कर्नाटकात व महाराष्ट्रात येतात. कलबुर्गी, लातूर, अकोला येथील डाळ दक्षिणेकडे जाते आणि तूट पडली की म्यानमार व पूर्व आफ्रिकेतून तूर मागवावी लागते.

हे सारे ज्ञान पूर्वी तोंडी होते. सासू किंवा आई चुलीपाशी उभी असे आणि चूक झाली की तेथेच दुरुस्त होई. विसाव्या शतकाच्या मध्यास नोकरीनिमित्त मद्रासची तरुण कुटुंबे दिल्लीस, मुंबईच्या माटुंग्यास आणि परदेशी गेली, तेव्हा चुलीपाशी उभे राहण्यास कोणी उरले नाही. ही गरज ओळखून एस. मीनाक्षी अम्माळ यांनी १९५१ मध्ये मद्रास येथे ‘समैत्तुप् पार्’, म्हणजे ‘शिजवून पाहा’, हे तमिळ पुस्तक प्रसिद्ध केले. त्या तरुणपणी विधवा झालेल्या होत्या आणि नातलगांतील मुली त्यांना पत्राने पाककृती विचारीत. त्यांचे चुलते के. व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी त्यांना हे सर्व पुस्तकरूपाने लिहिण्यास उत्तेजन दिले. चवीपुरते व अंदाजाने या शब्दांवर न विसंबता मापे, क्रम आणि वेळ स्पष्टपणे लिहिणे हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य. मापे अर्थातच त्या काळची, मद्रासी पडी व आळाक्कु यांची होती. देशात दशमान मापे त्यानंतर काही वर्षांनी आली. इतर भाषांत त्याचे अनुवाद झाले आणि लग्न होऊन परगावी जाणाऱ्या मुलीच्या सामानात ते पुस्तक देण्याची प्रथा पडली. लेखिकेचे १९६२ मध्ये निधन झाले, तरी ते पुस्तक आजही छापले जाते.

पाच माणसांच्या भाताला पुरेल असे सांबार करावयाचे असल्यास दीडशे ग्रॅम तूरडाळ धुऊन भिजवावी. तिच्या तिप्पट पाणी, हळद व थेंबभर तेल घालून ती बोटाने चिरडली जाईल इतकी शिजवावी व घोटून घ्यावी. लिंबाएवढी, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम, चिंच दोन वाट्या कोमट पाण्यात भिजवून कोळ काढावा. पातेल्यात दोन चमचे तिळाच्या तेलावर पंधरा-वीस लहान सांबार-कांदे परतावेत. हे कांदे न मिळाल्यास साध्या कांद्याच्या मोठ्या फोडी चालतात, पण गोडवा तितका येत नाही. त्यात शेवग्याच्या दोन शेंगांचे तुकडे घालून चिंचेचा कोळ, मीठ आणि दोन मोठे चमचे सांबार पूड घालावी. शेंगा निम्म्या शिजल्यावर वांगी किंवा भोपळा घालावा, कारण त्यांना वेळ कमी लागतो. भेंडी घालावयाची असेल तर ती आधी तेलात परतून चिकटपणा घालवावा लागतो. दर्प गेला व भाजी शिजली की घोटलेली डाळ मिसळून पाच मिनिटे मंद उकळी द्यावी. या वेळी सुपारीएवढा गूळ घातला तर चिंच व मिरची दोहोंची धार कमी होते. सांबार फार पातळ वाटल्यास चमचाभर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून घालण्याची रीत आहे. पण ती डाळीची उसनवारी आहे, हे ध्यानात ठेवावे. शेवटी मोहरी, एक मुंडू मिरची, हिंग व कढीलिंब यांची फोडणी आणि वर कोथिंबीर.

डाळीच्या प्रमाणाचा प्रश्न केवळ चवीचा नाही. तूरडाळीत सुमारे २२ टक्के प्रथिने असतात. दीडशे ग्रॅम डाळीत ती ३३ ग्रॅम होतात आणि पाच जणांत प्रत्येकी साडेसहा ग्रॅमच्या आसपास येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषास दिवसाला ५४ ग्रॅम व स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. तेव्हा दाट सांबाराची मोठी वाटीदेखील या गरजेचा लहानसा भागच पुरवते. तरी तिचे मोल अधिक आहे, कारण तांदळाच्या प्रथिनांत लायसीन कमी असते ते डाळीत विपुल असते, आणि डाळीत जी गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात ती तांदूळ पुरवतो. तेच सांबार पाणी वाढवून पंधरा जणांना पुरविले तर रंग, वास व तिखटपणा पूड वाढवून राखता येतो; पण प्रत्येकाच्या वाट्याला दोन ग्रॅम प्रथिने जेमतेम येतात. जिभेला ही फसवणूक कळत नाही. वाढत्या वयाच्या मुलाच्या शरीराला ती कळते.

म्हणूनच तमिळनाडूत डाळीची किंमत हा स्वयंपाकघरापुरता विषय राहत नाही. २००७ पासून राज्य सरकार शिधापत्रिकेवर महिन्याला एक किलो तूरडाळ तीस रुपये दराने देत आले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये देशातील बाजारांत तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली तेव्हा या एका किलोचे महत्त्व अनेक घरांना उमगले. वर दिलेल्या प्रमाणाने त्या किलोत सहा-सात वेळा दाट सांबार होते, महिनाभर नव्हे. उरलेल्या दिवशी घरोघरी डाळ न लागणारे ‘वत्तल कुळंबु’ होते. वाळविलेल्या सुंडक्काय किंवा मणत्तक्काळी या फळांचे हे चिंचेचे कालवण चविष्ट असले तरी प्रथिनांच्या दृष्टीने पोकळच.

दाबाचा कुकर भारतात १९५९ च्या सुमारास तयार होऊ लागला आणि डाळीचा प्रश्न बराचसा सुटला. त्यात पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते व जड पाण्यातही तूर वीस मिनिटांत गळते. एका कुकरमध्ये खाली डाळ व वर भात अशी डब्यांची रचना आता सर्वत्र रूढ आहे. परंतु याच सोयीने सर्व साहित्य एकदम कुकरमध्ये घालण्याचा मोहही निर्माण केला. अशा सांबारात शेवगा धाग्याधाग्यांचा होतो, वांगे नाहीसे होते आणि चिंचेमुळे डाळ मात्र बोचरी राहते. कुकर डाळीपुरता वापरून पातेले भाजीसाठी राखावे. वेळ फार तर दहा मिनिटे अधिक लागतो.

भांड्याचीही निवड पूर्वी विचारपूर्वक होई. चिंच पितळेवर व तांब्यावर चढते आणि विषारी क्षार तयार होतात. त्यामुळे कल्हई केलेलेच भांडे वापरीत. त्याहून चांगली समजत ती कल्चट्टी, म्हणजे सेलम भागातील मऊ दगडाची कोरीव भांडी. कोकणात जिला दगडी म्हणतात तिचीच ही बहीण. तिला आम्ल बाधत नाही, ती सावकाश तापते आणि चुलीवरून उतरविल्यानंतरही बराच वेळ सांबार तीत रटरटत राहते. म्हणून कल्चट्टीतील सांबार थोडे सैल असतानाच उतरवितात.

उरलेले सांबार पेक्टिन व पिठूळ अंशामुळे गार होताच घट्ट बसते आणि रात्रभरात भाजीच्या फोडी आंबट-तिखट रस पिऊन घेतात. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या एखाद्या कुळंबुच्या उरल्यासुरल्या भागात मिसळून, पाणी न घालता, मंद आचेवर चिकट व काळपट होईपर्यंत आटवितात. यास ‘सुंड कुळंबु’ म्हणतात आणि ते सकाळी दहीभातास लावून खातात. ते बाजारात विकत मिळत नाही व पाहुण्यांनाही सहसा वाढीत नाहीत. ज्या घरी आदल्या दिवशी सांबार उरण्याइतके झालेले असते त्याच घरी ते मिळते.